डाव्या सीटवरचे सर

बदलापुरात निम्म्या लोकांना गाडी येते ती आमच्या सरांमुळे. उरलेल्यांना येत नाही, त्यातलेही बरेचसे सरांकडेच शिकलेले आहेत. मी नेमकी कुठल्या गटात मोडते याबद्दल आमच्या घरात अजून एकमत झालेलं नाही.

सरांचं मोटर ट्रेनिंग स्कूल म्हणजे कात्रपला एका गाळ्याचा अर्धा भाग. दुसऱ्या अर्ध्यात पोळी-भाजी केंद्र होतं, त्यामुळे वाहतुकीची चिन्हं शिकताना फोडणीचा वास यायचा आणि 'प्रवेश बंद'ची पाटी दिसली की मला आजही भूक लागते. बाहेर एक छोटी पांढरी गाडी, टपावर पिवळी पाटी, पुढे-मागे शिकाऊ लोकांचा लाल 'एल', आणि डाव्या सीटवर सर. गाडी उभी असो, इंजिन बंद असो, नुसता चहा प्यायचा असो, सर डावीकडचंच दार उघडून बसायचे.

शिकवायच्या गाडीत डावीकडेही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. सरांचे हे दोन पेडल उल्हासनगरच्या एका सिंधी सेठनं बसवून दिले होते. "साईं, ऐसा लोहा डाला है, गाडी जायेगी, पेडल नहीं जायेगा," असं तो म्हणाला होता आणि झालंही तसंच. सरांच्या दोन गाड्या भंगारात गेल्या, पेडल मात्र तिसरीत आले. दोन्हीकडचे ब्रेक एकमेकांना जोडलेले. कोणीही दाबला तरी गाडी थांबणार आणि मागचा लाल दिवा लागणार, त्यामुळे मागून येणाऱ्याला दाबला कोणी ते कळायचं नाही. मी शिकत होते तेव्हा आमच्या सोसायटीतल्या बायका म्हणायच्या, "किती वेळेवर ब्रेक लावतेस गं!" लावत होते सर.

दाबून दाबून त्यांचा उजवा बूट डाव्याच्या कितीतरी आधी फाटायचा. रिक्षात मागे बसले तरी त्यांचा उजवा पाय पत्र्यावर रोवलेला असे. एकदा एका मुंजीत मी त्यांच्या शेजारी जेवायला बसले होते. वाढपी आमटीची बादली घेऊन सुसाट आला आणि सरांनी टेबलाखाली ब्रेक दाबला. वाढपी नेमका आमच्यासमोर थांबला. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे भात कालवायला घेतला.

माणसांना ते नावानं ओळखत नसत, चुकांनी ओळखत. कुळगावात ज्यांच्याकडे दात काढायला रांग लागते ते डॉक्टर सरांच्या लेखी 'इंडिकेटर-विसरे' होते. बँकेतल्या मॅनेजरबाई 'थर्ड गियर'. कोणाला तरी फोनवर पत्ता सांगताना मी ऐकलंय, "ते रिव्हर्समधे रडणारे नाय का, त्यांच्या बिल्डिंगसमोर." मी 'उशिरा-ब्रेक'. लायसन मिळवायला मला तीन खेपा लागल्या. तिसऱ्या खेपेला पास झाले तेव्हा सरांनी पेढे वाटले, ते माझ्या यशाच्या आनंदात की स्वतःच्या सुटकेच्या, हे मी विचारलं नाही.

त्यांची काही वाक्यं आमच्याकडे आता म्हणींसारखी वापरली जातात. "समोरचा येडा आहे असं धरून चालायचं, नसला तर आपला फायदा." "हॉर्न म्हणजे शिवी नाय ताई, हॉर्न म्हणजे 'आलो हां', एवढंच." आमच्या भागात देऊळ आलं की ड्रायव्हर स्टिअरिंगवरचा हात काढून छातीला लावतो. अंबरनाथला शिवमंदिराच्या वळणावर तर काही रिक्षावाले दोन्ही हात जोडतात आणि रिक्षा देवाच्या भरवशावर सोडतात. सरांची याला बंदी होती. "देवाला डोळ्यानं नमस्कार करायचा. देव समजून घेतो, समोरचा टेम्पो नाय घेत." मी त्या वळणावर भक्तिभावानं डोळे मिटायचे आणि सर ओरडायचे, "अहो, मिटू नका!"

आणि क्लच. क्लच कसा सोडायचा हे ते पहिल्याच दिवशी सांगत. "लेकीला सासरी पाठवतात तसा. एकदम नाय सोडायचा. मनात नसताना, हळूहळू."

यावर मागच्या सीटवरून आवाज यायचा, "बाबा, मी ऐकतेय."

ही त्यांची लेक. ती अगदी लहान असताना तिची आई गेली. घरी एकटीला कुठे ठेवायचं म्हणून सरांनी तिला गाडीतच वाढवली. शाळा सुटली की ती मागच्या सीटवर यायची. तिथे तिची उशी होती, डबा होता, आणि मी शिकत होते त्या काळात बीजगणित होतं. गाडी कितीही आचके खावो, तिची रेघ सरळ यायची. मान वर न करता ती सांगायची, "बाबा, ह्या काकू आता रडणार." आणि मी रडायचे. मग मागून पाण्याची बाटली पुढे यायची.

अशा या सरांना गाडी चालवताना मात्र आमच्यापैकी कोणी कधी पाहिलं नव्हतं.

आधी हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. सकाळचा पहिला विद्यार्थी त्यांच्याच इमारतीतला असायचा, तो गाडी बाहेर काढायचा. शेवटच्यानं गाडी परत लावून चालत घरी जायचं, अशी शिस्त होती. गॅरेजवाला गाडी न्यायला स्वतः यायचा. कोणाच्या लग्नाला जायचं तर एखादा माजी विद्यार्थी हजर, आणि सर डावीकडे. पुढे कोणीतरी हे जुळवून पाहिलं आणि गावात चेष्टा सुरू झाली. सरांना गाडी येत नाही, ते पोस्टानं शिकलेत, वगैरे. सर ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "पोहायला शिकवणारा काय रोज पाण्यात उतरतो काय?" आम्ही हसायचो. सर हसायचे नाहीत, हे मला फार उशिरा कळलं.

लेकीचं लग्न ठरलं ते 'हाफ-क्लच'शी. हा मुलगा उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधला. तिथून बदलापूरला गाडी शिकायला यायचा. वाटेत वीसेक ट्रेनिंग स्कूल लागत असतील, पण कोणाला शंका आली नाही. गाडी तो झकास चालवायचा, फक्त क्लचवरचा पाय पूर्ण काढायचा नाही आणि टेस्टची तारीख घ्यायचा नाही. सर माझ्याजवळ कुरकुरले होते, "एवढं चांगलं पोरगं, पुन्हा पुन्हा तोच कोर्स लावतंय, आत्मविश्वासच नाय." आत्मविश्वास मागच्या सीटवर बसून एमएस्सीचा अभ्यास करत होता. सरांनी आयुष्यभर सगळ्यांना आरशात बघायला शिकवलं. तो मुलगा एवढा मन लावून आरशात का बघतो, हे मात्र त्यांना शेवटी लेकीनंच सांगितलं.

लग्नाला महिना-दीड महिना असताना सर एका रविवारी माझ्या घरी आले. सोफ्यावर डाव्या टोकाला बसले. चहा गार केला. मग म्हणाले, "ताई, मला गाडी शिकायचीय."

मी हसले. ते नाहीत.

मग त्यांनी सगळं सांगितलं. स्कूल सुरू केलं तेव्हा ते गाडी चालवत असत. पुढे गरजच पडेनाशी झाली, इतकंच. मग एका दिवशी लेकीला ताप भरला. शेजारीपाजारी कोणी नव्हतं, म्हणून हे उजवीकडे बसले आणि तिला घेऊन डॉक्टरकडे निघाले. "इतकी वर्षं डावीकडे बसलेलो ना ताई. मी बसलोय ती गाडीची डावी बाजू, हे डोक्यात फिट. रस्त्याची कड पकडली आणि अख्खी गाडी कात्रपच्या गटारात." धावून आलेले सगळे त्यांचेच विद्यार्थी. त्यांनी गाडी उचलली आणि त्यातल्या एकानं प्रेमानं सांगितलं, "सर, क्लच हळू सोडायचा."

त्यानंतर ते उजव्या सीटवर बसले नाहीत. लेकीनं मात्र तापातही सगळं पाहिलं होतं. शाळेत मुलं चिडवायला लागली, तुझ्या बाबांना गाडी येत नाही. ती दुसरीत होती. तिनं सांगून टाकलं, "येते! माझ्या लग्नात बघा. मला सासरी बाबाच नेणार."

"पण सर, ही लहानपणची गोष्ट," मी म्हटलं.

"ती पण असंच म्हणते. राहू दे बाबा, म्हणते." त्यांनी कप खाली ठेवला. "पण सासरच्यांना तिनं सांगितलंय, पाठवणीची गाडी तुम्ही सांगू नका."

माझ्याकडेच का, हे मी विचारलं. त्यांनी संकोचानं सांगितलं, "राग मानू नका. आजवरच्या सगळ्यांत तुम्ही सगळ्यात वाईट. तुमच्यासमोर मला लाज नाय वाटणार." मला राग आला नाही. इतका मोठा विश्वास माझ्यावर क्वचितच कोणी टाकलाय.

शिकायचं कुठे, हा प्रश्न त्यांनीच सोडवला होता. बदलापुरात शक्य नव्हतं, अंबरनाथ-उल्हासनगरातही प्रत्येक सिग्नलला त्यांचा एखादा विद्यार्थी उभा. त्यांनी फोनमध्ये जाहिरात दाखवली. घाटापलीकडे माळावर मोटारींच्या शर्यतींचा ट्रॅक होता आणि तिथे वेगवान ड्रायव्हिंगचा एक दिवसाचा वर्ग चालायचा. आपली गाडी आणा, भीती सोडा, असं लिहिलं होतं.

"सर, तिथे दीडशेच्या स्पीडनं गाड्या पळवतात!"

"पळवू दे. समोरून कोण येत नाय ना? रिक्षा नाय, गाय नाय, स्पीडब्रेकर नाय. आणि गटार नाय. मी फोन करून विचारलं."

एका शनिवारी पहाटे आम्ही निघालो. गाडी अर्थातच मी चालवत होते. कोणी ओळखू नये म्हणून सरांनी टपावरच्या पिवळ्या पाटीला लेकीच्या उशीचा अभ्रा घातला होता. घाटात वाऱ्यानं तो उडाला आणि एका ट्रकच्या आरशाला जाऊन लटकला. त्यामुळे ट्रॅकच्या फाटकातून आम्ही आमची पाटी दिमाखात मिरवत आत शिरलो. तिथे एकेक गाड्या अशा होत्या की त्यांच्या शेजारी उभं राहताना पदर सावरावासा वाटत होता. एक तरुण आमच्या पाटीकडे बघून म्हणाला, "अंकल, किसको सिखाने आये हो?"

"सीखने आया हूं, बेटा," सर म्हणाले.

आमच्या वाट्याला आलेली कोच पंचविशीची, बारीक केस कापलेली, पुण्याची मुलगी होती. सर तिला 'मॅडम' म्हणायचे आणि ती सरांना 'काका'. तपासणीसाठी तिनं गाडीत डोकावलं आणि दोन्ही बाजूंचे पेडल बघून थबकली.

"काका, ही गाडी नक्की चालवतं कोण?"

"तोच प्रश्न घेऊन आलोय, मॅडम."

तिनं सगळं ऐकून घेतलं. हसली नाही, यासाठी मी तिला मनातल्या मनात पूर्ण गुण दिले. मग ती डाव्या सीटवर बसली, पेडलवर पाय ठेवून पाहिला आणि एकदम खूश झाली. "आमच्या बाजूला काहीच नसतं हो. लोक दोनशेनं वळणावर जातात आणि आम्ही नुसता जीव मुठीत धरून बसतो. आज पहिल्यांदा मला ब्रेक मिळालाय!" मागे कोणाला बसवायची तिथे पद्धत नव्हती, पण सरांचा अपेक्षित वेग ऐकून तिनं मलाही एक हेल्मेट दिलं. मी लेकीच्या जागी बसले. सीटच्या फटीत एक जुनं खोडरबर अजून होतं.

सर उजवीकडे बसले. हेल्मेटमधून फक्त डोळे दिसत होते आणि त्या डोळ्यांत मी माझी पहिली शिकवणी पाहिली. चावी फिरवली, गियर टाकला, क्लच सोडला, आणि गाडीनं असा आचका दिला की माझं हेल्मेट टपाला लागलं. गाडी बंद.

"सर, लेकीला सासरी पाठवतात तसा," मी मागून म्हटलं.

"गप बसा, ताई."

नंतर गाडी निघाली. सरांनी सरळ रस्त्यावर इंडिकेटर दिला, शिवाय खिडकीतून हात बाहेर काढून इशाराही केला, कोणासाठी ते देव जाणे. प्रत्येक वळणाआधी हॉर्न वाजवला. त्या ट्रॅकवर हॉर्न बहुधा त्यापूर्वी कोणी ऐकला नसावा, कारण दूरवर मेकॅनिक लोक डोकी वर करून बघायला लागले. आणि डावी चाकं सारखी गवतात. कोच म्हणायची, "काका, लांब बघा, जिथे जायचंय तिथे बघा," आणि सर बघायचे तिच्या पायांकडे. इतकी वर्षं शेजारच्याचे पाय बघण्यातच गेली होती.

एका फेरीला मागून एक लाल गाडी गर्जत आली. कडेला उभ्या असलेल्या माणसानं निळा झेंडा हलवला. मागच्याला पुढे जाऊ द्या, एवढाच त्याचा अर्थ. पण आमच्याकडे रस्त्याच्या कडेला गणवेशातला माणूस काही हलवायला लागला की त्याचा अर्थ एकच असतो. सरांनी गाडी बाजूला घेतली, काच खाली केली आणि लायसन, पीयूसी, विमा असे सगळे कागद पुढे केले. त्या माणसानंही ते घेऊन वाचले. "पीयूसी संपत आलीय," म्हणाला आणि परत दिले.

दुपारपर्यंत आचके थांबले. सरांना जरा चव लागली. एका वळणावर ते बऱ्यापैकी वेगात, म्हणजे त्यांच्या मानानं वेगात, शिरले आणि कोचनं तिच्या बाजूचा ब्रेक दाबला. गाडी थांबली. सर दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत राहिले.

"मी दाबणारच होतो, मॅडम," ते हळूच म्हणाले.

"सॉरी काका. सवय नाही ना, मिळाला म्हणून दाबला."

सर मागे वळले. "ताई, तुमचा ब्रेक मी किती वेळा दाबला असेल?"

"सोडा हो सर."

"नाय, सांगा. असंच वाटायचं तुम्हाला? म्हणजे आपल्यावर कोणाचा भरवसाच नाय, असं?"

मी हो म्हटलं. खोटं बोलून त्यांना बरं वाटलं असतं, पण हेल्मेट घातलेल्या माणसाशी खोटं बोलायला मला जमेना. सर पुन्हा समोर वळले आणि त्यांनी गाडी सुरू केली. मला त्यांचं फार वाईट वाटलं, आणि थोडं बरंही वाटलं, हेही लिहून टाकते.

डाव्या चाकांचा प्रश्न मात्र सुटेना. कोचनं त्यांना ट्रॅकवरून चालवत नेलं, वळणं दाखवली, सगळं सगळं केलं. गाडीत बसले की पुन्हा गवत. तेव्हा मला आठवलं. मला रस्त्याची कड कळत नव्हती तेव्हा सरांनीच माझ्या कपाळावरची टिकली काढायला लावून समोरच्या काचेवर चिकटवली होती. ही टिकली आणि रस्त्याची कड एका रेषेत ठेवा, चाक कुठे जाणार नाय. मी हेल्मेट काढलं, टिकली काढली आणि पुढे वाकून त्यांच्या हातात दिली. सर तिच्याकडे बघतच राहिले.

"हे मी तुम्हाला शिकवलं होतं," ते म्हणाले.

"मला तेवढंच आलं, सर."

त्यांनी एक डोळा मिटून जागा धरली आणि टिकली लावली. कोच म्हणाली, "काका, ह्याला आम्ही रेफरन्स पॉइंट म्हणतो." सर म्हणाले, "आम्ही टिकली म्हणतो." पुढची फेरी पूर्ण झाली आणि एकही चाक गवतात गेलं नाही. मग आणखी एक फेरी. मग ते थांबेचनात. आजूबाजूनं भारी गाड्या वीज चमकावी तशा जात होत्या आणि आम्ही चाळीसच्या वेगानं, प्रत्येक वळणाला हॉर्न देत, त्या माळावर गोल गोल फिरत होतो. हेल्मेटच्या आत सर चक्क गुणगुणत होते. त्या दिवसाची सगळ्यात हळू फेरी अर्थातच सरांची होती. कोचनं ते जाहीर करताना उभं राहून टाळ्या वाजवल्या.

परतताना मात्र ते मुकाट्यानं डावीकडे बसले. घाट उतरल्यावर म्हणाले, "तिथं आलं म्हणजे कात्रपला येईल असं नाय, ताई. तिथं बघणारं कोण नव्हतं."

लग्न बदलापुरातच, कुळगावात होतं, म्हणजे सगळेच बघणारे. अर्धं गाव विद्यार्थी म्हणून आलेलं आणि उरलेलं जेवायला. पाठवणीची वेळ झाली तशी कुजबुज सुरू झाली. मुलाच्या आईला हे सगळं अजून पटलेलं नव्हतं. "मुलीबरोबर पाठराखीण जाते. बाप कुठे जातो का?" त्या म्हणाल्या. लेकीनं त्यांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "आई, आजवर माझी पाठ ह्यांनीच राखलीय. आता दुसरी कुठून आणू?" त्या बाई भल्या होत्या. त्यांनी स्वतः गाडीच्या बॉनेटला हळद-कुंकू लावलं.

गाडी धुऊन उभी होती. पिवळ्या पाटीला झेंडूची माळ, लाल 'एल' जसाच्या तसा, काचेवर माझी टिकली. हॉलच्या दारात एवढी गर्दी, पण आवाज एकदम कमी झाला. सर फेटा सावरत, नव्या बुटात, गाडीकडे चालत गेले. डावीकडच्या दाराकडे. माझ्यामागे कोणीतरी फिसकन हसलं. सवयीनं गेले, मला वाटलं. आता बसणार, आणि मग ते कधीच उठणार नाहीत.

सरांनी डावं दार उघडलं आणि लेकीला म्हणाले, "बस."

ती बसली. सर खाली वाकले, तिच्या शालूचा घोळ पेडलपासून बाजूला केला आणि तिचा पाय नीट ठेवून दिला. मी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं. "हा ब्रेक. तुझ्याकडे राहू दे. वाटलं तर दाब, मी काय बोलणार नाय." मग त्यांनी दार लावलं, गाडीला पुढून वळसा घातला आणि उजवं दार उघडून बसले. हाफ-क्लच मागे, उशी मांडीवर घेऊन, लेकीच्या जागेवर.

गाडी सुरू झाली आणि निघाली. आचका नाही, काही नाही. अख्ख्या हॉलसमोरून दुधावरची साय न हलवता निघावी तशी निघाली. तेवढ्यात गर्दीतून इंडिकेटर-विसरे डॉक्टर ओरडले, "सर, इंडिकेटर!" सरांनी लगेच इंडिकेटर दिला. सगळे हसले, सरही हसले, आणि मी रडले. कोणीतरी पाण्याची बाटली पुढे केली.

मी मागच्या गाडीत सरांच्या भावाशेजारी बसले होते. आमच्यामागे वऱ्हाडाची लांब रांग, आणि सगळी सरांच्या वेगानं. कात्रपला गटाराच्या बाजूनं गाडी जाताना मी खिडकीतून मान बाहेर काढून पाहिलं. डावी चाकं कडेपासून हातभर आत होती. अंबरनाथ आलं, शिवमंदिराचं वळण आलं. पुढच्या गाडीत कोणाचे हात हलले नाहीत, म्हणजे नमस्कार डोळ्यांनीच झाला असणार.

मंदिर मागे पडलं की थोड्या अंतरावर नाल्यावरचा पूल आहे. अंबरनाथ अलीकडे राहतं, पलीकडे कॅम्प पाच सुरू होतो. त्या पुलाच्या अलीकडे सरांच्या गाडीचे लाल दिवे लागले आणि गाडी थांबली. समोर काहीच नव्हतं. रस्ता मोकळा.

"बंद पडली काय?" सरांचा भाऊ म्हणाला. त्यानं हॉर्नकडे हात नेला, तो मी धरून ठेवला. लाल दिवे लागलेलेच. मागच्या काचेतून हाफ-क्लचचा फेटा दिसत होता, तो बिचारा खिडकीबाहेर नाल्याकडे बघत होता. पुढच्या दोन सीटवर कोणी कोणाकडे वळलेलं दिसलं नाही. मागे वऱ्हाडाचे हॉर्न सुरू झाले. सरांनी शिकवलेल्या माणसांचे हॉर्न, 'आलो हां', एवढंच म्हणणारे. मग केव्हातरी लाल दिवे विझले. गाडी निघाली आणि अलगद पूल ओलांडून पलीकडे गेली.

परत येताना सरांनी चावी माझ्या हातात दिली आणि नेहमीसारखे डावीकडे बसले. पायाशी झेंडूच्या दोन पाकळ्या पडल्या होत्या. अंबरनाथच्या सिग्नलला मी माझ्या लौकिकाप्रमाणे उशिरा ब्रेक लावला, पुढच्या टेम्पोपासून वीतभर अंतरावर. सरांचे दोन्ही पाय पेडलपासून लांब, सीटखाली ओढून घेतलेले होते.

सिग्नल सुटायची वाट बघताना मी विचारलं, "सर, पुलाजवळ ब्रेक कोणी दाबला?"

"तिनं."

"आणि तुम्ही?"

"मी क्लच दाबून बसलो. म्हटलं, थांबू दे तिला किती थांबायचंय ते." त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. "मी काय बोललो नाय, ताई. सोडला तिनंच."